हिरव्या खांबांवरच्या गोगलगायी

सकाळी साडेसहाला कुंपणाचे सगळे खांब हिरवेगार झालेले दिसले, आणि खांबांवरच्या गोगलगायीसुद्धा.

पहिल्यांदा ते पाहिलं वहिनींनी. या वाळवंटी माळाच्या राखणीचं काम त्यांच्याकडे होतं. रंगाचं काम त्यांनीच आपल्या दिराला मिळवून दिलं होतं. तो वहिनी म्हणतो म्हणून कचेरीत सगळेच त्यांना वहिनी म्हणू लागले होते, वयाने मोठे असलेले साहेबही.

या जातीच्या गोगलगायी आजवर फक्त याच माळावर सापडल्या होत्या. बकऱ्या आणि मोटरसायकली आत येऊ नयेत म्हणून कुंपण घातलं ते त्यांच्यासाठीच. उन्हाळा लागला, जमीन तापली, की त्या मिळेल त्या उंच वस्तूवर चढतात. पूर्वी झुडपांवर चढायच्या, कुंपण झाल्यापासून खांबांवर. शंखाचं तोंड खांबाला चिकटवायचं, आत कागदासारखा पातळ पडदा धरायचा आणि धुक्याचे दिवस येईपर्यंत झोपायचं. शंख पांढराशुभ्र, त्यामुळे ऊन बरंचसं परतून जातं.

आता तो शंख बाटलीच्या काचेसारखा गडद हिरवा होता.

"भाऊजी!"

रंगारी ब्रश धूत होता. शाबासकी घ्यायला तो हसत पुढे आला.

"हे काय केलंत?"

"रंग. दोनदा फिरवलाय. एक इंच सुटलेला नाही."

"आणि यांच्यावर?"

"यांच्यावरही दोनदा."

"अहो, जिवंत आहेत त्या!"

"माहितीये की. तुम्हीच बजावलंत, गोगलगायींना हात लावायचा नाही. मी लावला का हात? ब्रश लावला."

वहिनींनी कपाळावर हात मारून घेतला. दोष निम्मा त्यांचाच होता. मागे दिराने त्यांचं स्वयंपाकघर रंगवलं तेव्हा फळीमागचा एक तुकडा कोरा राहिला होता. तेव्हापासून आल्यागेल्याला त्या तो तुकडा आवर्जून दाखवत. या वेळी काम सुरू होण्याआधीच त्यांनी दम भरला होता, एक इंच सुटला तर बघा. मग काल दिवसभर त्या मुख्य कचेरीत अडकल्या. भाऊजींनी दोन्ही हुकूम तंतोतंत पाळले.

थोड्या वेळाने गोगलगायींचा अभ्यास करणाऱ्या मॅडम धावतपळत आल्या. खांबाला नाक लागेल इतक्या जवळून त्या एकेक शंख पाहू लागल्या. वहिनींच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"मेल्यात का हो?"

"कसं सांगू? पाणी शिंपडलं तर जिवंत असलेली उठेल. पण ऐन उन्हाळ्यात उठली की साठवलेली ओल उडवून बसेल, आणि मग खरंच मरेल."

"म्हणजे जिवंत आहे का बघायला जावं, तर..."

"तर तेच. धुक्यापर्यंत थांबायचं."

त्यातही दोन घोर होते. गडद शंख तापणार, हा एक. दुसरा म्हणजे रंग शंखाच्या कडेवरून थेट खांबावर उतरला होता. गोगलगाय उठली तरी सुटणार कशी? ओढून काढावी तर पडदा फाटणार.

इतका वेळ तोंड पाडून बसलेला रंगारी म्हणाला, "खिडकीसारखं करायचं."

"कसली खिडकी?" वहिनी खेकसल्या.

"रंगाने चिकटलेली. ती ओढायची नसते. फटीतून पातं फिरवायचं, फक्त रंगापुरतं."

"आणि हात हलला म्हणजे?"

"तो फळीमागचा तुकडा सोडला तर माझा हात कुठे चुकलाय, सांगा ना!"

मॅडमनी आधी एका भोक पडलेल्या, रिकाम्या शंखावर करून दाखवायला लावलं. मग परवानगी दिली. पुढचे कित्येक दिवस, ऊन चढायच्या आत, रंगारी खांबाखांबापुढे उकिडवा बसून पातं फिरवत होता. वहिनी त्याच्यावर छत्री धरून उभ्या.

"श्वास तरी घ्या, भाऊजी."

"तुम्ही बोलायचं थांबवलंत की घेतो."

कडा सुटल्या, तसा त्याने पाट्या रंगवायचा बारीक ब्रश काढला आणि डिंकात कालवलेली खडूची पूड एकेका शंखावर चढवली. मॅडमनी सुईसारखा तापमापक लावून पाहिला. पांढरी केलेली गोगलगाय हिरवीपेक्षा चांगलीच गार निघाली. त्या दिवशी वहिनी पहिल्यांदा पोटभर जेवल्या.

साहेब पाहणीला आले. हिरव्या खांबांवरचे पांढरे ठिपके पाहून त्यांनी चष्मा पुसला.

"वहिनी, कुंपणाला देवी आल्यात का?"

"उतरतील, साहेब," वहिनी म्हणाल्या. "धुकं येऊ द्या."

उन्हाळा सरला. रंगाऱ्याचं इथलं काम केव्हाच संपलं होतं, तरी आठवड्यातून एकदा तो सहज म्हणून चक्कर मारून जाई. सहज येणारा माणूस प्रत्येक खांबापाशी थांबत नाही, हे वहिनींनी त्याला ऐकवलं नाही.

आज पहाटे धुकं उतरलं. साडेसहाला दोघं कुंपणाशी होती. एकही खांब धड दिसत नव्हता, म्हणून चहाचे पेले हातात धरून ती दोघं चाचपडत निघाली. पहिल्या रांगेत काही नाही. दुसऱ्या रांगेतही नाही. रंगाऱ्याचा चहा तसाच गार झाला.

कोपऱ्यातल्या खांबापाशी वहिनी थांबल्या.

"भाऊजी, इकडे या. इथे सुटलाय तुमचा रंग."

"शक्यच नाही!" तो तरातरा आला आणि वाकला.

हिरव्या खांबावर एक गोल कोरा डाग होता, नखाएवढा. त्यातून एक ओली, चमकती रेघ खाली जात होती. खांबाच्या पायथ्याशी, दगडावर, खडू धुऊन गेलेली एक हिरवी गोगलगाय शिंगं काढून दगडावरचं शेवाळ खरवडत होती.

रंगारी दगडापाशी उकिडवा बसला. मग म्हणाला, "पण रंग बघा. कुठेही तडा नाही."

मॅडमना फोन गेला आहे. खांबांवर पाणी शिंपडू नका, असं त्यांनी दोनदा बजावलं. साडेनऊला धुकं विरलं, तोवर बाकीच्या खांबांवर हालचाल नव्हती. उद्या सकाळी पुन्हा धुकं पडेल, असा अंदाज आहे.