सगळ्यांसाठी उघडं

मैनाबाई राळेगावकडच्या गावातून एसटीने पांढरकवड्याला आली आणि सरळ सुचित्राच्या टेबलासमोर उभी राहिली.

"बाई, मी फक्त तुमाले सांगतलं होतं. मंग सरपंचाच्या बायकोले कसं मालूम पडलं?"

ते दोन हजार सहा साल होतं. कापसाच्या त्या वाईट वर्षांत ज्या बायांचे नवरे गेले, त्यांचे जबाब सुचित्रा ती काम करत असलेल्या संस्थेच्या कॉम्प्युटरवर टाइप करत असे. मैनाबाईने सांगितलं होतं, की तिला पुन्हा लग्न करायचं आहे.

सुचित्राने दुपारभर शोधलं. प्रत्येकाचं खातं पासवर्डने बंद होतं. पण रोज सगळ्या फायलींची नक्कल करून ठेवणारा प्रोग्राम त्या नकला एका सामायिक फोल्डरमध्ये टाकत होता आणि ते फोल्डर सगळ्यांसाठी उघडं होतं. ऑफिसातल्या आठांपैकी कोणीही ते वाचू शकत होतं.

त्यात पूर्वी इथे काम करणाऱ्या अनिमेषचंही फोल्डर निघालं. हा कॉम्प्युटर त्यानेच बसवला होता. दोन वर्षांपूर्वी तो नोकरीसाठी हैदराबादला गेला. एका फायलीवर तिचंच नाव होतं. तिने उघडली. पत्र होतं, दोन पानांचं. ऑफिसात तो तिला कायम 'तुम्ही' म्हणायचा. इथे पहिल्याच ओळीत 'तू' होतं. चार ओळी वाचून तिने फाईल मिटली आणि त्याला फोन लावला.

"माझीच चूक," सगळं ऐकून अनिमेष म्हणाला. "प्रोग्राम लिहिला, पण नकला कोण कोण उघडू शकतं, ते पाहिलंच नाही." त्याने फोल्डर बंद करायची कमांड सांगितली, तिने लिहून घेतली.

"तुमच्या फोल्डरात एक पत्र होतं," ती म्हणाली. "पाठवलं काहून नाही?"

"तुमचं लग्न ठरलं होतं तवा."

"ते मोडलं. तुम्ही गेल्यावर महिन्याभरात."

"मले कोणी सांगतलंच नाही." मग हळू आवाजात म्हणाला, "इकडे माझं ठरलं आता. वैशाखात आहे."

"बरं झालं."

"पुसून टाका ते पत्र."

"तुमचं आहे. मी कायले पुसू?"

तिने कमांड दिली. फोल्डर बंद झालं.

दुसऱ्या दिवशी ती मैनाबाईच्या घरी गेली, चूक कशी झाली ते सांगून तिने माफी मागितली. मैनाबाई कापसाच्या ढिगाशी बसून कवडी, म्हणजे किडका-डागाळलेला कापूस, वेचून बाजूला काढत होती.

"आता सगळ्याइले कळलंच," ती म्हणाली. "गोष्ट लपून राह्यली असती तर हिंमत झाली नसती. जातोच मी." आणि संक्रांतीनंतर ती खरंच गेली, केळापूरच्या एका ट्रक ड्रायव्हरशी लग्न करून.

बंद फोल्डर उघडणारा मुख्य पासवर्ड सुचित्राजवळच होता. तो टाकला असता, तर ते पत्र केव्हाही उघडलं असतं. त्या उन्हाळ्यात सगळे घरी गेल्यावर ती कितीदा तरी कॉम्प्युटरसमोर बसून राहिली. पाचव्या ओळीत काय असेल, ते तिने मनातच नाना तऱ्हांनी लिहून पाहिलं. पासवर्ड मात्र तिने टाकला नाही.