उपाशी बाटली

ही गोष्ट २००३ सालची. तेव्हा मोबाइल साबणाच्या वडीएवढे असत आणि प्रयोगशाळेत मदतनीस असलेल्या ताईंकडे तोही नव्हता. त्यामुळे तिथे संशोधन करणाऱ्या मॅडमनी प्रयोगशाळेच्या दारातून हाक मारली, ती आख्ख्या मजल्याने ऐकली.

"ताई, या बाटल्या उपाशी ठेवायच्या होत्या ना?"

ताई लगबगीने गेल्या. पेशी वाढवायच्या उबदार कपाटाचं दार मॅडमनी उघडंच धरलं होतं. फळीवरच्या चपट्या बाटल्यांमधला गुलाबी द्रव पिवळा पडला होता. पेशींनी साखर खाल्ली की द्रव आंबतो आणि पिवळा होतो. बिनसाखरेचा घातला असता, तर इतका पिवळा झालाच नसता.

"साखरेचा घातला गेला," ताई पुटपुटल्या.

"तुमच्या हातून? चुकून?"

ताईंची सारी नोकरी पेशींना वेळच्या वेळी खाऊ घालण्यात गेली होती. चुकून म्हटलं असतं तरी कुणाला पटलं नसतं.

"मुद्दामच घातला. आमच्या सासऱ्यांच्या पेशी आहेत हो त्या. सून होऊन त्यांना उपाशी कशी ठेवू?"

मॅडमनी एक बाटली उजेडात धरून उलटसुलट पाहिली. "बाटलीवर नाव नसतं. तुम्हाला कसं कळलं?"

"या पेशी आल्या त्या दिवशी प्रोस्टेटचं ऑपरेशन एकच होतं. तुकड्यांचा डबा मीच तर आणला."

मॅडमना हसावं की रागवावं कळेना. शेवटी त्या म्हणाल्या, "एकच जोडी उरलीय. एक बाटली गाठीतली, एक गाठीबाहेरच्या चांगल्या भागातली. चांगल्या पेशी फार दिवस वाढत नाहीत. ही जोडी गेली की संपलं. मग तुमच्या सासऱ्यांनी तुकडा दिला तो फुकटच."

हे मात्र ताईंना लागलं, कारण तुकडा कशासाठी दिला होता ते त्यांना ठाऊक होतं.

सासऱ्यांना घरात सगळे आप्पा म्हणत. कपडे धुण्याच्या मोठ्या कारखान्यात त्यांनी जन्मभर बॉयलर सांभाळला. त्यांचे वडील याच प्रोस्टेटच्या कर्करोगाने गेले, थोरले भाऊही गेले. तिसरा नंबर आपला लागला याचं त्यांना फारसं काही वाटलं नव्हतं. पण ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यांनी सुनेला जवळ बोलावून विचारलं होतं, "हे मी पोराला दिलंय का गं? तुमच्या त्या दुर्बिणीत दिसेल?"

पोरगा म्हणजे ताईंचा नवरा, शहर बसचा चालक. रक्त तपासून घ्या म्हटलं की तो म्हणे, "गाडी चालू आहे ना? मग बॉनेट कशाला उघडता?"

संध्याकाळी ताईंनी घरी सगळं सांगितलं. आप्पा इतके हसले की टाके दुखायला लागले.

"अगं, दवाखानेवाले दर तपासणीला मला उपाशी ठेवतात, तेव्हा तुला पाझर फुटत नाही. आणि बाटलीतल्या मला जेवायला घालतेस?"

"तुम्ही नंतर दोन पोळ्या जास्त खाता. त्यांना कोण देणार?"

"मला दाखव त्या. मी समजावतो त्यांना."

मॅडमनी परवानगी दिली. दुसऱ्या दिवशी आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून, कुणाच्या तरी घरी स्थळ बघायला निघाल्यासारखे आले. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून त्यांनी एकेक बाटली निरखली.

"कुठली बरी, कुठली वाईट?"

"ही डावीकडची बाटली बरी," मॅडम म्हणाल्या.

"आणि ही दुसरी? हिची भट्टी विझली असणार. म्हणून आजारी."

"उलट आहे, आप्पा. लिंबात जे आंबट असतं ना, ते तुमची चांगली पेशी तयार करते, पण स्वतः जाळत नाही. बाहेर सोडून देते, शरीराच्या कामासाठी. तिच्यात जस्त भरलेलं असतं, ते जाळण्याला लगाम घालतं. हे जस्त आत घ्यायला एक दार असतं आणि ते दार बनवायचा हुकूम एका जनुकात असतो. गाठीतल्या पेशीत तो हुकूम थंडावतो असा आमचा अंदाज आहे. दार नाही, म्हणून जस्त नाही. जस्त नाही, म्हणून लगाम नाही. मग ती सगळं स्वतःच जाळत सुटते."

"म्हणजे पहिली रांधून वाढणारी आणि दुसरी चुलीपाशीच बसून खाणारी!" आप्पांनी परत डोळा लावला. "दिसायला तर तीच जास्त गुटगुटीत आहे की हो. लबाड!"

मॅडमना हसू आवरेना. आप्पा मात्र एकदम गंभीर झाले.

"हा थंडावलेला हुकूम मला बापाकडून आला? की माझ्यात झाला?"

"दोन्ही बाटल्यांतली जनुकं वाचली की तेवढं कळेल. वडिलांकडून आला असेल तर दोन्हींत थंड असेल. पण आधी साखर काढून कोण काय जाळतं ते मोजावं लागेल. चांगल्या पेशी त्यात बहुतेक मरतील."

आप्पांनी सुनेकडे पाहिलं. ताई बिनसाखरेचा द्रव हातात धरून नुसत्याच उभ्या होत्या.

"घाल, सूनबाई."

"आप्पा, चांगल्या जातील हो."

"जाऊ देत. मला उत्तर पाहिजे. घाल."

ताईंनी घातला. मग डोळे पुसायला हातमोजे काढावे लागले.

चांगल्या पेशी खरंच गेल्या. साखर नाही आणि जवळचं जाळता येत नाही, अशी त्यांची गत. गाठीतल्या चिवट निघाल्या. त्या चरबी जाळून जगल्या. मग दोन्हींमधून वेळीच काढून ठेवलेली जनुकं वाचायला दिली. निकाल येईपर्यंत आप्पा रोज ताई घरी आल्या की त्यांच्या चेहऱ्याकडे बघत आणि पुन्हा पेपर उघडत.

निकाल सांगायला मॅडम स्वतः घरी आल्या. "खरं तर एकेका माणसाला आम्ही सांगत नसतो," अशी सुरुवात करून त्यांनी सांगूनच टाकलं. चांगल्या पेशीत तो हुकूम शाबूत होता. गाठीतच थंडावला होता.

"म्हणजे हा मी दिला नाही," आप्पा म्हणाले.

"हा नाही. पण अशी जनुकं पुष्कळ असतात, आम्ही एकच पाहिलं. तिघांना झालंय म्हणजे घराण्यात दुसरं काही असूही शकेल. मुलाने दर वर्षी रक्त तपासावं हे बरं."

आप्पांनी मान हलवली. त्यांना पूर्ण उत्तर हवं होतं, मिळालं ते अर्धं. तरी ते दाराकडे वळून, बुटांच्या नाड्या बांधत असलेल्या मुलाला म्हणाले, "ऐकलंस का रे? बॉनेट उघडायचं. माझ्यासाठी."

मुलाने बांधलेली नाडी सोडून पुन्हा बांधली.

आप्पा त्यानंतर बरीच वर्षं जगले आणि गेले ते हृदयाने, दुपारच्या झोपेत. मॅडमचा शोधनिबंध छापून आला. त्यात आप्पा नुसता एक क्रमांक होते, आणि तो कुठला हे ताईंना माहीत होतं. पुढे मॅडम परदेशी गेल्या, तिथेच स्थायिक झाल्या. ताई निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी यंत्र आलं, ते पेशींना ठरल्या वेळी न चुकता खाऊ घालतं. आप्पांच्या गाठीतल्या पेशीही काही महिन्यांनी वाढायच्या थांबल्या, शेवटची बाटली ताईंनीच रिकामी केली.

आप्पांच्या खोलीत आता कपडे वाळत घालतात. ताईंचा नवरा दर वर्षी रक्त तपासून येतो. घरी आला की निकालाचा कागद बायकोच्या हातात देत नाही. आधी त्या खोलीच्या दारात उभा राहतो, ओल्या चादरी एका हाताने बाजूला सारतो, आकडा मोठ्याने वाचतो, आणि मग हातपाय धुवायला जातो.