नवव्या भागातली कोरी जागा

सोमवारी सकाळी साडेदहाच्या नोंदीत तिन्ही रुग्णांचे रक्तदाब एकदम चढलेले दिसले, तेव्हा फेरीवर आलेल्या डॉक्टरांनी सर्वांत आधी यंत्रांना येणारं पाणी तपासायला सांगितलं. एकाचा दाब चढला तर कारण त्या माणसात शोधायचं, आणि तिघांचा एकाच वेळी चढला तर पाण्यात, हा त्यांचा नेहमीचा नियम होता. डायलिसिस कक्षातली तंत्रज्ञ, जिला सगळे रुग्ण ताई म्हणत, नोंदवहीवरून मान वर न करता म्हणाली, "पाणी ठीक आहे, सर. फिटर गेला."

कोण फिटर, कोणत्या खुर्चीवरचा, असं डॉक्टरांनी दचकून विचारलं. ताईने भिंतीवरच्या टीव्हीकडे बोट दाखवलं. पडद्यावर काळ्या पार्श्वभूमीवर नावं सरकत होती. डॉक्टरांनी एकदा पडद्याकडे, एकदा तिघांकडे पाहिलं आणि ते पुढच्या कक्षात गेले.

सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी सात ते अकरा, या पाळीला खिडकीकडच्या तीन खुर्च्यांवर गेली दोन वर्षं तेच तिघं बसत. पहिल्या खुर्चीवर बाई; त्यांनी चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलेलं. मधल्या खुर्चीवर टेलरमास्तर, कोट शिवण्यात हातखंडा असलेले. तिसरीवर काका, निवृत्त बसचालक, ज्यांना टीव्हीतलं कुठलंही वाहन नीट चालवलं जातंय असं कधी वाटलंच नाही. चार तास हाताला सुया, रक्त नळीतून यंत्रात आणि यंत्रातून परत हातात. एवढ्या वेळात माणूस बोलून बोलून किती बोलणार? पहिल्या वर्षी भांडणं फार झाली. मग 'अंधारकक्षा' ही मालिका आली आणि कक्षात शांतता नांदू लागली.

मालिकेत घरची वाट चुकलेलं एक अवकाशयान होतं, त्यात सात माणसं होती, आणि सातवा होता यानाचा फिटर. पहिल्याच भागात त्याच्या रक्तात विषारी वायू भिनला आणि तेव्हापासून दर दोन दिवसांनी त्याला मनगटात नळी खुपसून यानाच्या शुद्धियंत्राशेजारी बसावं लागे. बसल्या बसल्या तो पान्हे पुसायचा आणि कप्तानाला टोमणे मारायचा. हे पाहून टेलरमास्तर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "हा तर आपला माणूस." तेव्हापासून तो इथल्या सगळ्यांचाच झाला.

रविवारी संध्याकाळी भाग यायचा. पण घरी कुणी पाहायचा नाही, सोमवारी इथेच, एकत्र, असा नियम टेलरमास्तरांनी घातला आणि तो तिघांनी व्रतासारखा पाळला. ताईलाही तो लागू होता. बाई उजव्या, मोकळ्या हाताने एका वहीत प्रत्येक भागाचं टिपण काढत, कारण न लिहिता पाहिलेलं आपल्या डोक्यात राहत नाही असं त्या म्हणत.

दहावा भाग शेवटचा होता. यान घराच्या वाटेला लागलं. वाट एकेचाळीस दिवसांची, उरलेल्या बॅटऱ्या दहा, आणि शुद्धियंत्र चालू ठेवलं तर एक बॅटरी चार दिवस पुरणार. म्हणजे चाळीस दिवस. एक दिवस कमी. सगळे झोपलेले असताना फिटरने मनगटातली नळी स्वतः उपसली, ती नीट गुंडाळून खुंटीवर टांगली, अवकाशात उघडणाऱ्या बाहेरच्या कोठडीत जाऊन आतून दार लावून घेतलं आणि कप्तान धावत आली तेव्हा काचेतून हात हलवला. मग संगीत सुरू झालं. मोठं, भरून आलेलं संगीत. सहाही जण रांगेत उभे राहून मान झुकवत होते आणि यानाच्या खिडकीत उजेड पसरत होता.

काका ओरडायला म्हणून उठू गेले. त्यांचा हात हलला, नळीला ताण बसला आणि यंत्राचा भोंगा वाजू लागला. ताईने धावत जाऊन हात धरला, सुई तपासली, भोंगा बंद केला. टेलरमास्तरांचं तोंड उघडंच राहिलं होतं. ते अगदी हळू म्हणाले, "नळी गुंडाळून ठेवली त्याने. आपल्यासारखी."

काकांनी कप्तानाला लायसन कुणी दिलं इथपासून सुरुवात केली आणि मालिका लिहिणाऱ्याच्या सात पिढ्यांपर्यंत पोहोचले. बाईंची वही मात्र बंद होती, पेन वहीवर आडवं ठेवलेलं होतं. सुया काढताना ताईने विचारलं, तेव्हा त्या फक्त म्हणाल्या की संगीत छान होतं.

बाहेरच्या जगाला मात्र फिटरचं मरण डोक्यावर घ्यावंसं वाटलं. नोंदणी खिडकीवरच्या मुलीने फोनवर त्याचं चित्र लावलं. लोक म्हणत होते, किती सुंदर शेवट, किती थोर मनाचा माणूस, रडून रडून डोळे सुजले. टेलरमास्तरांच्या दुकानात दोन दिवसांत फिटरसारखी करडी जाकिटं शिवायला चौघं आले, आणि दर वेळी मास्तरांनी करडं कापड संपलंय असं सांगून त्यांना वाटेला लावलं. ठाण भिंतीला टेकून समोरच उभं होतं. हे सगळं बुधवारी सकाळी ते ताईला सांगत होते, आणि ताई ऐकता ऐकता पहिल्या खुर्चीकडे पाहत होती. साडेसात वाजून गेले होते आणि खुर्ची रिकामी होती.

बाई दोन वर्षांत एकदाही चुकल्या नव्हत्या. ताईने त्यांच्या मुलीच्या ऑफिसात फोन लावला. मुलगी गोंधळली. आज यंत्रांची दुरुस्ती आहे, केंद्र बंद आहे, असं आईनेच सांगितलं, ती म्हणाली. दुपारी मी स्वतः घरी जाऊन येते, एवढंच ताई म्हणाली. दोन पाळ्या चुकल्या की शरीरात साठलेलं पाणी फुप्फुसांपर्यंत चढतं, हे बाईंना ठाऊक होतं. पहिल्याच महिन्यात ते त्यांनी स्वतः आकडे मांडून ताईकडून तपासून घेतलं होतं.

आणखीही एक गोष्ट ताईला ठाऊक होती. मुलीला दुसऱ्या गावी मोठ्या जागेवर बदली मिळत होती, आणि आईचं केंद्र इथे म्हणून ती नाकारणार होती. बाईंनी हे मुलीला फोनवर बोलताना ऐकलं होतं आणि मागच्या आठवड्यात सुई टोचून घेताना, हवापाण्याबद्दल बोलावं तसं, ताईला सांगितलं होतं. एकाच्या यंत्रासाठी दुसऱ्याची वाट अडते, असं काहीतरी त्या म्हणाल्या होत्या. ताईने तेव्हा सुईकडे लक्ष दिलं, बोलण्याकडे नाही. आपण रविवारीच तो भाग पाहून ठेवला असता, तर सोमवारी टीव्ही बिघडला म्हणून सांगता आलं असतं, हे तिच्या मनातून जाईना. नियम पाळला, आणि नियमानेच घात केला.

पाळी आटोपून ती बाईंच्या घरी पोहोचली तेव्हा दीड वाजला होता. दार बाईंनीच उघडलं. पाय घोट्यापाशी सुजून चकचकीत झाले होते, पापण्या जड दिसत होत्या. पण आवाज वर्गातला होता. "बरं झालं आलीस. बस. हे जरा तपासून दे."

टेबलावर वही उघडी होती. बाईंनी सरळ सांगून टाकलं की सोमवारी फिटरचं त्यांना पटलं. मंगळवारीही पटलं. म्हणून मुलीला थाप मारली. पण बुधवारी सकाळी घर रिकामं झाल्यावर हात वहीकडे गेला, कारण उत्तर पटलं तरी रीत तपासल्याशिवाय त्यांनी जन्मात कुणाला गुण दिले नव्हते.

"चौथ्या भागात कप्तान काय म्हणते? बारा बॅटऱ्या भरलेल्या आहेत. हे बघ, मी लिहिलंय. शेवटी धरल्या दहा. दोन गेल्या कुठे? बारा धरल्या तर अठ्ठेचाळीस दिवस. सात दिवस उरतात. त्याने मरायचं काही कारण नव्हतं."

ताईने पानं उलटली. सुबक, ठसठशीत अक्षर, प्रत्येक भागाला एक पान. नवव्या भागाचं पान अर्धं होतं; खालचा अर्धा भाग कोरा. आणि तो का कोरा होता हे तिला लख्ख आठवलं. त्या सोमवारी बाईंचा दाब अचानक घसरला होता, त्यांना घेरी आली होती. कुणाची तब्येत बिघडली तर भाग थांबवायचा असंही ठरलेलं होतं, पण ताईचे दोन्ही हात खुर्ची आडवी करण्यात, पाय उंच करण्यात आणि सलाईन सोडण्यात गुंतले होते, आणि सुयांना बांधलेले बाकीचे दोघं घाबरून कधी बाईंकडे, कधी पडद्याकडे पाहत होते. टीव्ही वीस मिनिटं तसाच चालू राहिला. बाईंच्या पायाशी उभं असताना ताईने डोळ्यांच्या कडेने पाहिलं होतं: वाटेत भेटलेल्या एका मोडक्या यानाला कप्तानाने दोन बॅटऱ्या देऊन टाकल्या होत्या.

दहाच उरल्या होत्या. मालिकेचं गणित बरोबर होतं.

बाई चष्म्यावरून तिच्याकडे पाहत होत्या. ताईने वही मिटली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती. आकडा चुकला तर माणूस दगावतो अशा कामात ती सवय लागत नाही. तिने बरोबर म्हटलं नाही आणि चूकही म्हटलं नाही. "अडीचला दुपारच्या पाळीत एक मशीन रिकामं आहे," ती म्हणाली. "आधी वजन करू. मग बघू."

बाई चपला शोधू लागल्या. सुजलेल्या पायात त्या जाईनात, तेव्हा मुलीच्या सैलसर स्लिपर्स घालून निघाल्या. वजन नेहमीपेक्षा जवळजवळ चार किलो जास्त भरलं. संध्याकाळी मुलगी धापा टाकत केंद्रावर आली, तेव्हा ताईने पडदा ओढून दोघींना एकटं सोडलं.

शुक्रवारी तिघंही आपापल्या जागी होते. काकांनी बाईंना बुधवारच्या दांडीचं कारण विचारलं आणि बाईंनी कसलाही आडपडदा न ठेवता सांगितलं. दोघांचेही चेहरे उतरले. मग वातावरण हलकं करावं म्हणून बाईंनी आपलं गणित मांडलं: बारा बॅटऱ्या, अठ्ठेचाळीस दिवस. काका खूश होऊन मांडीवर थाप मारणार होते, पण सुयांची आठवण येऊन थांबले. टेलरमास्तरांना मात्र राहवलं नाही. शिवणीत एक टाका सुटला तरी ज्यांना झोप लागत नाही, त्यांतले ते.

"नाही हो बाई. दोन दिल्या ना त्या मोडक्या यानाला. नवव्या भागात. तुम्हाला घेरी आली होती तेव्हा."

ताईच्या हातातली रक्तदाबाची पट्टी तशीच राहिली. बाईंकडे पाहायचा तिला धीर होईना. टेलरमास्तरांना आपण काय केलं ते उशिरा कळलं आणि त्यांनी जीभ चावली.

"मला वाटलंच होतं," बाई शांतपणे म्हणाल्या.

ताईने मान वर केली.

"पान अर्धं कोरं होतं. एवढ्या वर्षांत कोरी जागा सोडणारी मुलं मी काय कमी पाहिली? तिथे काहीतरी असणार हे दिसत होतं मला. बुधवारी हिला विचारता आलं असतं. विचारलं नाही. आणि हिनेही वही मिटली, ते मी पाहिलं." त्यांनी ताईकडे नजर टाकली, तीत राग नव्हता.

"मग?" काकांनी विचारलं.

"मग काय. गणित त्याचंच बरोबर. पण त्याने दार आधी लावलं आणि हात मागून हलवला. बाकीच्या सहांतल्या एकालाही विचारलं नाही, पुरवून घ्यायचं का म्हणून. मी बुधवारी त्या पडद्याआड मुलीला विचारलं."

मुलगी आधी रडली आणि मग आईला असं काही बोलली की शेजारच्या खुर्चीवरचा अनोळखी माणूस भिंतीकडे तोंड करून बसला. बदली तिला मुळात नकोच होती, तिथला साहेब नामांकित खडूस आहे, असं तिचं म्हणणं. यात खरं किती आणि आईसाठी रचलेलं किती, हे बाईंना सांगता येईना. पण जे काही आहे ते तिने तोंडावर सांगितलं होतं, आणि दार उघडं होतं.

काकांनी घसा साफ केला. पुढची मालिका निवडताना यान चालवणाऱ्याचा परवाना आधी तपासून घ्यावा, असं त्यांनी सुचवलं, आणि यंत्राला बांधलेलं कुणी त्यात नको, ही पुस्ती जोडली. टेलरमास्तर म्हणाले की तसा नियम केला तर आपण तिघंही बाद. बाई हसल्या.

मग त्यांनी वही उघडली, नववं पान काढलं आणि पेनाचं टोपण दातांनी काढलं.

"सांगा, मास्तर. त्या वीस मिनिटांत काय काय झालं. हळू सांगा, आणि तुमची मतं मध्ये घालू नका."

टेलरमास्तर सांगू लागले. मतं घालत होतेच. साडेआठच्या नोंदीची वेळ झाली म्हणून ताईने काकांच्या, मग मास्तरांच्या दंडाला पट्टी बांधली. बाईंपाशी ती आली तेव्हा त्यांचा मोकळा हात लिहीत होता. ओळ पुरी होईपर्यंत ती पट्टी हातात धरून थांबली.