कडेची दोन बोटं

अशी कल्पना करा, की तुमच्या मांडीवर चित्रांचं एक मोठं पुस्तक आहे. डोळे मिटू नका. मिटलेत तर पुढचं वाचाल कसं? पुस्तक अर्धं तुमच्या मांडीवर, अर्धं तुमच्या मावशीच्या. पान उलटण्याआधी प्रत्येकाने त्यात आधी कधीच न दिसलेलं काहीतरी शोधायचं, असा खेळ आहे. आता मावशी उठून गेली असं समजा. तिच्या बाजूचं पुस्तक खाली कलंडतं, नाही का?

या गोष्टीतल्या मुलीचं तसंच झालं होतं. तिच्या गालावर तीळ होता, म्हणून मावशी तिला ठिपकी म्हणायची. आठ महिन्यांपूर्वी मावशीला दूरच्या शहरात शर्टांच्या कारखान्यात काम मिळालं. तिथे ती दिवसभर कॉलर शिवायची. जुन्या पुस्तकांच्या दुकानात तिने तेच पुस्तक शोधून काढलं, आणि दर रविवारी दुपारी फोनवर खेळ पुन्हा सुरू झाला.

"नवव्या पानावरच्या घड्याळाला एकच काटा आहे," मावशी सांगायची.

"आणि आमच्या कोपऱ्यावरच्या टपालपेटीच्या तोंडात कोळ्याने जाळं विणलंय," ठिपकी सांगायची. पुस्तकाबाहेरचे शोधही चालत.

"दोघी त्या पुस्तकातच संसार थाटा," आई भाजी चिरता चिरता म्हणायची.

त्या रविवारी ठिपकीकडे मोठा शोध होता.

"मावशी, पान पंधरा. विहिरीच्या कठड्यावर मांजर बसलंय. त्याचा एक कान दुमडलेला आहे."

"कुठली विहीर गं?"

"उजवीकडची. कुंपणाच्या पलीकडे."

"ठिपके, माझ्याकडे विहीरच नाही."

ठिपकीला वाटलं, विहीर दिसत नाही, म्हणजे मावशीने पुस्तक उघडलेलंच नाही. पलीकडून गाड्यांचे भोंगे ऐकू येत होते. मावशी रस्त्यात उभी असेल, नुसतं हं हं करत असेल. आणि हे कधीपासून?

"तू नुसती बोलतेस," ती म्हणाली. "पुस्तक कपाटात पडलं असेल तुझं."

"कपाट असायला जागा कुठे आहे इथे? उशाखाली असतं ते. आणि आत्ता मी खिडकीत बसलेय, पुस्तक मांडीवर घेऊन. भांडू नकोस. कुंपणाच्या काठ्या मोज बघू, डावीकडून."

ठिपकीने बोट ठेवून मोजल्या. "सात."

"माझ्याकडे पाच. आणि सहावी अर्धीच."

ठिपकीने पुन्हा मोजल्या. सातच होत्या.

"कळलं," मावशी म्हणाली. "हे पुस्तक कुणीतरी नव्याने बांधून घेतलंय. कडा फाटल्या असतील, म्हणून बांधणाऱ्याने त्या सरळ कापून टाकल्या. चांगली दोन बोटं गेलीत."

"सगळ्या पानांची?"

"सगळी पानं एकदमच कापतात गं."

ठिपकी एकेक पान मागे जात राहिली. अकराव्या पानाच्या कडेला दोरीवर मोजे वाळत होते. सहाव्या पानावरच्या म्हाताऱ्याची काठी अगदी कडेला होती. म्हणजे मावशीचा म्हातारा काठीशिवायच चालत होता. आणि ठिपकीला इतके महिने वाटत होतं, की आपण दोघी एकच चित्र बघतोय.

"मांजर कुणाकडे बघतंय?" मावशीने हळूच विचारलं.

"कुंपणाकडे. तुझ्याकडे आहे ना, त्या भागाकडे."

"तरीच मी म्हणते, ठिपकीला जास्त कसं दिसतं. रजा मिळाली की येते आणि तुझ्याच पुस्तकात बघते."

"कधी मिळेल?"

"मागितली आहे."

हे उत्तर ठिपकीला आता पाठ झालं होतं.

ठिपकीने फोन ठेवला. मावशीची रजा काही तिच्या हातात नव्हती. तिच्या जागी तुम्ही असता, तर काय केलं असतं?

तिने आईच्या नव्या चपलांच्या खोक्यातला पातळ, आरपार दिसणारा कागद काढला. आपलीच बोटं जोडून माप घेतलं. मग आठवलं, मावशीची बोटं मोठी आहेत. म्हणून आईला हात पुढे करायला लावला आणि तिच्या दोन बोटांएवढ्या रुंद पट्ट्या कापल्या. पंधराव्या पानाची घाई केली नाही. पहिलं पान उघडलं, पहिली पट्टी कडेवर नीट बसवली आणि पेन्सिलीने गिरवायला सुरुवात केली.