गैरहजराच्या जागी बदली

माझी पुतणी शिवांजली सांगलीच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकती. आमच्या गावातल्या चाळीस माणसांची उंची आन बीपी मोजायचं आन त्यावरनं अख्ख्या गावाचा अंदाज काढायचा, आसा तिचा प्रकल्प. तिनं चिठ्ठ्या टाकून नावं काढली, यादी आन मशीन माझ्या हातात दिलं. शुक्रवारी मांडलं न्हाई तर वर्ष वाया.

मी रिटायर सुभेदार. चाळीस मागितली म्हंजे चाळीस उभी पायजेत! पण निम्मी माणसं उसाच्या भांगलणीला गेल्याली. मग काय, गैरहजराच्या जागी बदली माणूस, ह्यो तर पलटणीचा कायदाच हाय. गावात पेन्शनर जवानांना काय तोटा? सकाळी सहाला दाढी करून समदे रांगंत हजर.

बुधवारी शिवांजलीनं कागद बघितला आन कपाळाला हात लावला.

"तात्या, सत्तरीच्या धोंडुबाईची उंची पाच फूट अकरा?"

"तिच्या जागी भाऊसो हुता."

"रोज पळणारी माणसं मोजून गाव ठणठणीत हाय म्हणायचं व्हय? चिठ्ठीत ज्याचं नाव निघालं, त्यालाच मोजायचं. समोर गावतोय त्याला मोजलं, तर गावत न्हाई त्याचं दुखणं कळणार कसं?" बोलता बोलता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

मला राग आला, पण खरं सांगतो, लाज बी वाटली. गुरुवारी मशीन घिऊन बांधाबांधानं हिंडलो. बायका लय हसल्या. शेवटचं नाव आमच्या मंडळींचं, बनुबाईचं. तीबी भांगलणीला गेल्याली, म्हणून तिच्या जागी मी पेन्शनर नानासोला बसवला हुता.

"मला काय धाड भरलीया? दुसऱ्या कुणाचं तरी बघा की," ती म्हणली.

"बदली चालत न्हाई. हात कर फुडं."

एकशे शहाऐंशी. दोनदा मोजलं, तरी त्योच आकडा. मशीन बिघडलंय म्हणत हुती, तरी तशीच गाडीवर बसवून तालुक्याला नेली. डॉक्टर म्हणाले, बरं झालं, वेळंत आणलंत.

शिवांजलीचा प्रकल्प दुसऱ्या दिवशी पास झाला, पण गुरुवारच्या त्या दुपारी मला कशाचं भान नव्हतं. पस्तीस वर्षं संसार केला, आन बायकोच्या नावाफुडं मी नानासोचं बीपी लिवलं! दवाखान्याच्या बाकड्यावर बसून चक्क रडलो.

बनुबाईनं गोळी गिळली, माझ्याकडं बघितलं आन खुदकन हसली. "आवं, गोळी मी खाल्ली, तोंड तुमचं का कडू झालंय?"