मांडीखालचे हात

स्विंडन मागे पडलं तरी नंदूकाकांनी मांड्यांखाली दाबलेले हात बाहेर काढले नव्हते. एम-फोर मोटरवेवर गाडी आपली आपण ताशी सत्तर मैलांनी चालली होती, स्क्रीनवर निळा दिवा होता, आणि डावीकडच्या सीटवर त्यांची सतरा वर्षांची नात तनिषा फोनमध्ये डोकं घालून बसली होती. शाळेची मे महिन्यातली हाफ-टर्मची सुट्टी संपली होती. मेडनहेडहून तिला कार्डिफला, तिच्या आईवडिलांकडे पोचवायचं होतं.

गाडी तनिषाच्या आईनं, काकांच्या मुलीनं, कस्तुरीनंच आग्रह करून घ्यायला लावली होती. मोटरवेवर निळा दिवा असला की हात सोडले तरी चालतात, फक्त डोळे रस्त्यावर हवेत, आणि स्टिअरिंगमागचा बारका कॅमेरा त्या डोळ्यांवर पाळत ठेवतो. शोरूममध्ये हे ऐकून काका हसले होते. एकतीस वर्षं त्यांनी ड्रायव्हिंग शिकवलं, आणि एकतीस वर्षं काचेला एक जादा आरसा चिकटवून शिकणाऱ्यांचे डोळेच तर बघितले. माझीच नोकरी घेतली की हिनं, असं ते म्हणाले होते. स्लाउपासून रेडिंगपर्यंतचं निम्मं मराठी मंडळ त्यांच्या हाताखालून पास झालेलं. बोलणी खाऊन पास झालेलं, हेही सांगायला हवं. त्यांच्या एका वाक्याची तर गणपतीत लोक नक्कल करत: चूक झाली की आधी सांगायचं, मग रडायचं.

मार्चमध्ये डॉक्टरांनी त्यांना पार्किन्सन्स असल्याचं सांगितलं. परवान्याच्या ऑफिसला कळवा, तसा कायदाच आहे, हेही सांगितलं. काकांनी मान डोलावली, घरी येऊन फॉर्म ड्रॉवरमध्ये टाकला आणि कस्तुरीला काहीच कळवलं नाही. त्यांची बायको, मधुमतीकाकू असत्या तर त्यांनी चहाच्या कपाचा आवाज ऐकूनच ओळखलं असतं, पण त्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर काकांनी त्याची सालटी काढली असती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय. स्वतःपुरतं त्यांनी असं बसवून घेतलं होतं की गाडीला हात लागतच नाहीत, मग हातांची चौकशी कशाला? परवाना गेला तर मेडनहेडच्या त्या घरात एकट्यानं खिडकीतून रस्ता बघत बसायचं, एवढंच उरत होतं.

पुढे रस्त्याचं काम निघालं. नारिंगी शंकू तिरके येत डावी लेन खात होते. गाडीनं निळा दिवा घालवला आणि स्टिअरिंग धरा म्हणून सांगितलं.

काकांनी हात ओढले. पाऊण तास दबलेले हात बधिर झाले होते. डावा बाहेर आला तो नुसता गुडघ्यावर पडला. उजवा आलाच नाही. गाडीनं घंटा वाजवली, मग दिवा लाल केला, मग एक हिसका देऊन स्वतःच ब्रेक मारायला सुरुवात केली. मागच्या लॉरीचा भोंगा कानाशी आला. रस्ता काकांना लख्ख दिसत होता. डोळे अगदी जिथे हवेत तिथे होते.

तेवढ्यात डावीकडून एक हात आला. तनिषानं स्टिअरिंग खालून धरलं आणि हलकेच उजवीकडे नेलं. शिकवताना काका धरत तसंच, घट्ट न आवळता. पहिला शंकू तिच्या आरशाजवळून गेला. स्टिअरिंगवर हात लागल्याचं कळून गाडीनं ब्रेक सोडला, मागची लॉरी कशीबशी आवरली. पुढच्या मैलभरात काकांच्या बोटांत मुंग्या आल्या आणि मग हात आले.

पुढे मोटरवेकाठच्या सर्व्हिसेसच्या थांब्यावर तिनं चहा आणला. एक भरलेला कप स्वतःसमोर ठेवला, आणि काकांसमोर ठेवला तो निम्माच होता, सांडू नये म्हणून. काका त्या कपाकडे बघत राहिले. त्यांना लाज वाटली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पोरीसमोर रडू येईल अशी भीती वाटली.

"तुला कधीपासून माहितीये?"

"ख्रिसमसपासून. तेव्हापासून तुम्ही हात लपवता." ती टेबलाकडे बघत म्हणाली, "आजोबा, मी ममला नाही सांगणार. प्रॉमिस. कार थोडी स्लो झाली, दॅट्स ऑल. कोणाला काय माहीत?"

काकांना क्षणभर ते हवंहवंसं वाटलं. अजून एक उन्हाळा तरी निघाला असता. मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिचे डोळे समोर असून कुठेच नव्हते. चूक दडपणारा शिकाऊ असाच बघतो, हे जादा आरशात त्यांनी हजारदा पाहिलं होतं. हे तिच्या डोळ्यांत त्यांनी आणलं होतं.

"फोन लाव आईला," ते म्हणाले. "स्पीकरवर टाक, मला धरता येणार नाही."

त्यांनी सगळं सांगितलं. मार्च, ड्रॉवर, शंकू. पलीकडून कस्तुरीनं फक्त तनिषाला लागलंय का ते विचारलं, आणि नाही म्हटल्यावर फोन ठेवला.

तासाभरात ती आणि जावई अंशुमन एका गाडीतून आले. कस्तुरी बापाला रागावली नाही. तिचे डोळे मात्र सुजले होते. काकांना ती रागावली असती तर बरं वाटलं असतं. तनिषा अंशुमनबरोबर गेली. जाताना तिनं काकांना मिठी मारली, आणि त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. तो थरथरत होता, तो त्यांनी तसाच ठेवला.

"बाबा, किल्ली," कस्तुरी म्हणाली.

काकांनी किल्ली दिली आणि गाडीला वळसा घालून डावीकडे जाऊन बसले. त्यांची एकतीस वर्षांची जागा. कस्तुरीनं सीट पुढे घेतली, आरसे नीट केले, खांद्यावरून मागे पाहिलं. त्यांनीच तिला असं शिकवलं होतं. कार्डिफच्या दिशेनं मोटरवेला लागल्यावर निळा दिवा लागला, पण तिनं तो बंद केला आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले.

पुढे ब्रिस्टॉलजवळ गर्दी साचलेली दिसली. कस्तुरीच्या आधी काकांचा उजवा पाय पुढे सरकला आणि ब्रेक मारावा तसा दाबला गेला. शिकवणीच्या गाडीत तिथे त्यांचा ब्रेक असायचा. या गाडीत तिथे नुसतं कार्पेट होतं. काकांनी पाय काढून घेतला नाही, गाडी थांबेपर्यंत तसाच दाबून ठेवला.