जॅक नसलेले तीन खांब

गुरं राहू द्या, त्या गोठ्यात शिरायची मलाच भीती वाटत होती. पश्चिमेकडचे तीन खांब चार-चार बोटं खचलेले, वरची तुळई वाकलेली आणि गवताच्या माळ्याला एकच टेकू, तोही दाजींनी स्वतः लावलेला. म्हणजे असून नसल्यासारखा. दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. उभ्या आयुष्यात त्यांनी एक खिळा सरळ ठोकलेला नाही, पण उंटावरून शेळ्या हाकायला सगळ्यांच्या पुढे.

"मिस्त्री, गोठा सरळ झाला की शेजाऱ्याकडच्या गाई परत आणायच्या. मग मी इथून हलत नाही," ते म्हणाले. मुलगा दोघांना शहरात बोलावत होता. गोठा सावरला तर राहायचं, नाहीतर निमूट सामान बांधायचं, असं बापलेकांचं ठरलं होतं. माझ्या सुतारकामावर कुणाचं म्हातारपण टांगलेलं असावं, हे मला मुळीच आवडलं नाही. पण ताईचा शब्द मला मोडवत नाही.

खचलेल्या खांबांशेजारी ओंडक्यांचे थर रचून त्यांवर जॅक बसवले आणि तुळईचा भार जॅकवर घेतला. रोज सकाळी प्रत्येक जॅकला पाव फेरा, जास्त नाही. चाळीस वर्षं वाकलेलं लाकूड एका दिवसात सरळ करायला गेलं की तडकतं.

"तुमच्या या वेगाने गाई म्हाताऱ्या होतील," दाजी कुरकुरायचे.

"मग फिरवा तुम्हीच, आणि ढिगाऱ्याखालून मला हाक मारा."

उंची मोजायला पाण्याची नळी होती. तिचं एक टोक घराच्या भिंतीवरच्या खुणेला धरायचं, दुसरं खांबाला. खांबावरचा खिळा पाण्याला भिडला की खांब पातळीत आला. पूर्वेचे तीन खांब आधीपासूनच पातळीत होते, त्यांना जॅक लावलेच नव्हते. भिंतीवरची खूण मी केली होती. दगडी जोत्याचं घर, ते कुठे जातंय?

सतराव्या सकाळी दाजी ओरडतच आले. "मिस्त्री, अर्धं बोट! जॅकला हात न लावता गोठा वर आलाय!"

मी सहाही खांब मोजले. सहाही कालच्यापेक्षा अर्धं बोट वर होते, पूर्वेचे तीनसुद्धा.

गोठे आपले आपण उठत नसतात. गोठा होता तिथेच होता, खूण खाली गेली होती. खूण, भिंत, जोतं, सगळं घरच.

नळी तिथेच टाकून मी घरामागे गेलो. स्वयंपाकघराच्या भिंतीत तळहात जाईल एवढी भेग होती, आणि तिच्यात चिंध्या नीट कोंबलेल्या. ताई मागच्या दारात उभी होती.

"हे दार महिनाभर लागत नाहीये," ती म्हणाली. "घराखालचा अख्खा उतारच सरकतोय."

"आणि तरी मला गोठ्याला जुंपलंस?"

"यांना सांगू नकोस. तिकडे गेले तर खाट धरतील. इथे निदान रोज उठतात, तुझ्याशी भांडायला."

"ताई, घर अंगावर येईल."

"येईल तेव्हा येईल."

मला तिचा भयंकर राग आला. त्याहून जास्त स्वतःचा आला.

पुढच्या अंगणात आलो, तर दाजी मुलाला फोनवर सांगत होते, "माझ्यावर विश्वास नसेल तर मामाला विचार. फटकळ आहे, पण खोटं बोलत नाही." त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

"मामा, गोठा खरंच सरळ होतोय?"

दाजी माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांच्यामागे ताई येऊन उभी राहिली होती.

"होतोय," मी म्हणालो.

"बरं झालं. त्यांच्यासाठी खालची खोली अडवून ठेवली होती, ती आता दुसऱ्याला देतो. देऊ ना?"

"दे," मी म्हणालो.